पदार्थाचा रंग कसा पाहावा आणि कसा नोंदवावा

प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मुशीत झिंक ऑक्साइड तापवत होतो. पांढरीशुभ्र पूड बघता बघता चक्क पिवळी झाली. मी वहीत लगेच लिहून मोकळा झालो: ‘नमुना अशुद्ध, बहुधा लोहाचा अंश.’ दुसऱ्या बाटलीतला नमुना घेतला, तोही पिवळा. तिसराही पिवळा. तिन्ही नमुने नापास करून घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर तिन्ही मुशींतली पूड पुन्हा पांढरी, जणू मला वाकुल्या दाखवत बसलेली. झिंक ऑक्साइड कितीही शुद्ध असलं तरी तापलं की पिवळं होतं आणि निवलं की पांढरं. माझ्या नमुन्यांत काहीच खोट नव्हती. मी ‘पिवळा’ लिहिलं होतं, पण ‘तापलेला असताना’ हे दोन शब्द लिहायचे राहिले होते.

रंग हा पदार्थाचा भौतिक गुणधर्म, तोही सर्वांत सोपा, असं आपण शाळेत शिकतो. सोपा खराच. बघायला उपकरण लागत नाही, पदार्थ खर्ची पडत नाही, थेंबभर असो की पिंपभर, रंग तोच, असं निदान वाटतं. पण हा सोपेपणाच घात करतो. घनता लिहिताना शेजारी तापमान लिहायला कुणी विसरत नाही, उत्कलनबिंदू लिहिताना दाब लिहितो. रंग मात्र एका शब्दात उरकला जातो. नव्याने प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. रंग कसा बघायचा, कोणत्या शब्दांत लिहायचा आणि त्यावरून किती अर्थ काढायचा, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: आधी उजेड बघा, मग पदार्थ

रंग बाटलीत बंद करून ठेवलेला नसतो. पदार्थावर पांढरा प्रकाश पडतो, त्यातला काही भाग पदार्थ गिळतो, उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. आता पडणाऱ्या प्रकाशातच एखाद्या पट्ट्याची कमतरता असेल, तर परत येणारा हिशेब चुकणारच.

याचं सर्वांत चटकदार उदाहरण म्हणजे निओडिमियम. हे मूलद्रव्य मिसळलेली काच दिवसाच्या उजेडात फिकट जांभळी दिसते आणि ट्यूबलाइटखाली धरली की निळसर. होल्मियम ऑक्साइडची पूड दिवसा पिवळसर, तर काही ट्यूबलाइटखाली गुलाबी. पदार्थात काडीचाही बदल झालेला नसतो. ट्यूबलाइटचा प्रकाश पांढरा भासला तरी तो मोजक्या तरंगलांबींच्या पट्ट्यांचा बनलेला असतो, आणि या पदार्थांचं शोषणही अशाच अरुंद पट्ट्यांत होतं. दोन्ही पट्ट्या जुळल्या की रंग पालटतो.

म्हणून खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड घ्या, थेट ऊन नको. तो उजेड नसेल तर दिवसाच्या उजेडासारखा, सुमारे ६५०० केल्व्हिनचा दिवा. नमुन्यामागे चकाकी नसलेला पांढरा कागद. फिका अवक्षेप किंवा किंचित गढूळपणा शोधायचा असेल तर काळा कागदही जवळ ठेवा, पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. आणि एक बारीकशी गोष्ट, जी कुणी सांगत नाही: भडक रंगाचे कपडे घालून रंगहीन द्रावण बघू नका. लाल सदऱ्याची झाक चंचुपात्रात उतरते, आणि मग आपण ‘किंचित गुलाबी’ असं लिहून बसतो.

उजेडाइतकाच डोळाही तपासायला हवा. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन स्वतः रंगांध होता, आणि त्याला ते कळलं एका फुलावरून. १७९२ साली त्याच्या लक्षात आलं, की दिवसा आपल्याला आकाशी दिसणारं जिरेनियमचं फूल मेणबत्तीच्या उजेडात लाल दिसतंय. इतरांना असा फरक जाणवत नव्हता. फक्त त्याच्या भावाला तो तसाच दिसत होता. १७९४ मध्ये त्याने मँचेस्टरमध्ये यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतला द्रव निळा असावा, अशी त्याची समजूत होती. मेल्यावर डोळे तपासावेत, असं तो सांगून गेला. १८४४ मध्ये तपासले तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यांतल्या ऊतींची १९९५ मध्ये जनुकीय तपासणी झाली, आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारं रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हतं, हे उघड झालं. रसायनशास्त्राच्या एका शिल्पकाराची ही गत, तर तुम्ही-आम्ही एकदा इशिहारा पट्ट्यांची, म्हणजे रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखण्याची, चाचणी करून घेतलेली बरी. लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर लाजायचं कारण नाही. अशा नोंदी शेजाऱ्याकडून तपासून घ्याव्यात, एवढंच.

दुसरी पायरी: रंगहीन, पांढरा, पारदर्शक यांची गल्लत सोडवा

नवख्यांच्या वह्या तपासताना मी सर्वांत जास्त लाल रेघा इथे मारतो. परीक्षानळीत पाण्यासारखं स्वच्छ द्रावण असतं आणि वहीत लिहिलेलं असतं ‘पांढरं द्रावण’. पांढरं द्रावण म्हणजे दुधासारखं. पाण्यासारखं असेल ते रंगहीन.

पारदर्शक हा रंगच नव्हे. आरपार दिसतं की नाही, एवढंच तो शब्द सांगतो. मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं द्रावण निळंही असतं आणि पारदर्शकही. त्यामुळे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. आरपार दिसतं का? आणि रंग कोणता? पहिल्याचं उत्तर ‘पारदर्शक’, ‘दुधट’, ‘गढूळ’ किंवा ‘अपारदर्शक’. दुसऱ्याचं ‘रंगहीन’ किंवा एखादा रंग.

घन पदार्थांत आणखी एक फसगत आहे. मिठाचा मोठा, नितळ स्फटिक रंगहीन असतो. तोच कुटला की पूड पांढरी. काच फोडून बारीक केली तरी हेच. प्रकाश गिळणारं काहीच त्यात नसतं, पण हजारो कणांच्या पृष्ठभागांवर तो आपटून सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून पांढरेपणा दिसतो. काचेच्या त्या पांढऱ्या पुडीवर पाणी ओता. विखुरणं कमी होतं आणि पांढरेपणा बराचसा ओसरतो. तेव्हा ‘रंगहीन स्फटिक, पूड पांढरी’ ही नोंद विसंगत वाटली तरी अगदी बरोबर आहे.

तिसरी पायरी: खडाही बघा, पूडही बघा

हे एकदा हाताने करून बघाच. हातमोजे आणि चष्मा घालून मोरचुदाचा टपोरा स्फटिक खलात घ्या. खडा गडद निळा, काचेसारखा, कडा धारदार. बत्त्याचा पहिला दाब पडला की करकर आवाज येतो आणि भेगांच्या कडेकडेने फिकट रेघा उमटतात. थोडं घोटलं की खलाच्या तळाशी आकाशी रवा, आणखी पाच मिनिटांनी तर इतकी फिकी पूड, की हाच तो खडा होता असं सांगून पटू नये. त्या पुडीवर पाण्याचा एक थेंब टाका. थेंबाखालची जागा लगेच गडद होते. खड्यात प्रकाशाला आत लांबवर फिरावं लागतं, म्हणून त्यातला तांबडा भाग पुरता गिळला जातो. बारीक कणांतून तो चटकन बाहेर पडतो, गिळायला वावच मिळत नाही.

काही खनिजांत मात्र गंमत उलटी होते. हेमॅटाइटचा तुकडा पोलादासारखा करडा, चकचकीत. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर घासला की विटकरी लाल रेघ. पायराइट सोन्यासारखं पिवळं दिसतं, आणि त्याची रेघ उमटते हिरवट काळी. खऱ्या सोन्याची रेघ पिवळीच राहते. भूशास्त्राचे विद्यार्थी खनिजाच्या रंगापेक्षा या रेघेवर जास्त भरवसा ठेवतात, ते उगीच नाही. पृष्ठभागावरची चमक, गंज, ओरखडे या सगळ्यांतून पूड सुटलेली असते.

कणांचा आकार किती खोड्या करतो, हे मर्क्युरिक ऑक्साइडवरून कळतं. बाजारात त्याच्या दोन बाटल्या मिळतात, तांबडी आणि पिवळी. रासायनिक सूत्र तेच, स्फटिकरचनाही तीच. पिवळ्यातले कण अधिक बारीक, इतकाच फरक. याउलट मर्क्युरिक सल्फाइडचा हिंगूळ तांबडा आणि त्याच सूत्राचा दुसरा प्रकार काळा, तो स्फटिकरचना वेगळी असल्यामुळे. आणि सोनं? नॅनोमीटरच्या घरातले त्याचे कण पाण्यात तरंगत असले तर द्रव माणकासारखा लाल दिसतो. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये असे लाल द्रव तयार करून त्यांचा अभ्यास केला होता.

(पाऱ्याची संयुगं विषारी आहेत. ही उदाहरणं वाचण्यापुरती, खलात घालण्यासाठी नव्हेत.)

चौथी पायरी: शब्द मोजून वापरा

मराठीत रंगांना तोटा नाही. पोपटी, मोरपंखी, अबोली, शेवाळी, डाळिंबी, राणी. शिवाय जोडशब्द आहेतच: लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, निळाशार, काळाकुट्ट. बोलताना हे शब्द मला फार आवडतात. वहीत मात्र ते अडचणीचे. माझा मोरपंखी आणि तुमचा मोरपंखी एकच असेल, याची खात्री कोण देणार?

त्याऐवजी आपल्या भाषेतले प्रत्यय कामाला लावा. ते फार नेमके आहेत. मूळ रंग एक घ्या: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, गुलाबी, तपकिरी, करडा, काळा, पांढरा. झाक दाखवायला ‘-सर’ किंवा ‘-ट’: पिवळसर, निळसर, हिरवट. मग गडदपणा: फिका, मध्यम, गडद. झाक आधी, मूळ रंग नंतर. ‘हिरवट पिवळा’ म्हणजे मुळात पिवळा, त्यात हिरव्याची झाक. क्लोरीन वायू असा दिसतो. ‘पिवळसर हिरवा’ म्हणजे नेमकं उलट. हा क्रम पाळला नाही तर वाचणारा वेगळ्याच बाटलीपाशी जाऊन पोचतो. ‘मळकट’, ‘काळपट’ हे शब्द जपून वापरा, त्यांत आपण नकळत ‘अशुद्ध’ असा निकाल देऊन टाकतो.

चमक वेगळी लिहा. आयोडीनचे स्फटिक ‘काळसर करडे, धातूसारखी चमक’ आणि त्याची वाफ जांभळी. पोटॅशियम परमँगनेटचे स्फटिक जवळजवळ काळे, चमकदार. त्यांना नुसतं ‘जांभळे’ म्हणणारा माणूस स्फटिक न बघता द्रावण आठवून लिहितोय, हे लगेच ओळखू येतं.

पाचवी पायरी: द्रावणाची जाडी, संहती आणि द्रावक

परमँगनेटचं गडद द्रावण चंचुपात्रात काळं दिसतं. त्याचाच पातळ थर काचपट्टीवर पसरला की जांभळा, आणि पाणी घालत गेलं की गुलाबी. लिटरभर पाण्यात अवघे ५ मिलिग्रॅम असले तरी गुलाबी छटा डोळ्यांना कळते. म्हणजे ‘जांभळं’ की ‘गुलाबी’ हे पदार्थापेक्षा तुम्ही किती घेतलं आणि किती जाड थरातून बघितलं, यावर ठरतं. संहती आणि थराची जाडी यांच्या प्रमाणात शोषण वाढतं. बिअर-लँबर्ट नियम म्हणतात तो हाच.

फिक्या द्रावणांसाठी एक जुनी युक्ती आहे. परीक्षानळी आडवी, बाजूने बघू नका. पांढऱ्या कागदावर उभी धरा आणि तोंडावर न वाकता, थोडं अंतर ठेवून वरून खाली बघा. थराची जाडी दहापट होते आणि नसलेली वाटणारी छटा दिसू लागते. शेजारी तेवढ्याच उंचीचं शुद्ध पाणी ठेवायला विसरू नका. तुलनेशिवाय ‘किंचित पिवळसर’ हा निव्वळ अंदाज असतो.

पातळ केल्याने छटा फिकी होते, इतकंच नेहमी घडत नाही. कधी रंगच बदलतो. क्युप्रिक क्लोराइडचं संहत द्रावण हिरवं, भरपूर पाणी घातलं की निळं. संहत द्रावणात तांब्याच्या आयनाला क्लोराइडने वेढलेलं असतं, पाणी वाढलं की पाण्याचे रेणू त्यांची जागा घेतात. आयोडीन हेक्झेनमध्ये विरघळवलं तर जांभळं, अल्कोहोलमध्ये तपकिरी. द्रावकाचं नाव न लिहिता ‘आयोडीनचं द्रावण’ एवढंच लिहिणं म्हणजे पत्त्यात घर क्रमांक लिहून गावाचं नाव गाळण्यासारखं आहे.

आणि सामू, म्हणजे पीएच. फिनॉल्फ्थॅलीन सामू ८.२ च्या खाली रंगहीन, १० च्या आसपास गडद गुलाबी. मिथिल ऑरेंज ३.१ च्या खाली लाल, ४.४ च्या वर पिवळं. क्रोमेट पिवळा असतो, त्यात आम्ल घातलं की नारिंगी डायक्रोमेट होतो, अल्कली घातली की परत पिवळा. फिनॉल्फ्थॅलीनसारख्या दर्शकांवाचूनही रंग सामूच्या तालावर नाचतो, तो असा.

सहावी पायरी: ताप, पाणी आणि काळ

मोरचुदाच्या वजनात सुमारे ३६ टक्के पाणी असतं, स्फटिकात बांधलेलं. ते तापवून घालवलं की पांढुरकी पूड उरते. तीवर पाण्याचा थेंब टाकला की चर्र आवाज होतो, उष्णता बाहेर पडते आणि थेंबाएवढा निळा डाग उमटतो. पाणी ओळखण्याची ही पाठ्यपुस्तकी कसोटी आहे, पण तिच्यातला खरा धडा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो: ‘कॉपर सल्फेट निळं असतं’ हे विधान अपुरं आहे. पाण्याचे पाच रेणू असलेलं निळं असतं, निर्जल नसतं. कोबाल्ट क्लोराइडचंही तसंच, सजल गुलाबी आणि निर्जल निळं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या काही पुड्यांत निळे दाणे गुलाबी होतात ते त्यामुळे. कोबाल्टची संयुगं आरोग्याला घातक असल्याने हल्ली नारिंगी दाण्यांचा पर्याय अधिक वापरला जातो.

तापाचं उदाहरण सुरुवातीलाच दिलं. गंधकाचंही बघा: नेहमीच्या तापमानाला पिवळा, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला की जवळजवळ पांढरा, वितळला की आधी मधाळ पिवळा, आणखी तापला की तांबूस तपकिरी. बंद नळीतला नायट्रोजन डायऑक्साइड गरम पाण्यात गडद तपकिरी आणि बर्फात फिकट, कारण थंडीत त्याचे रेणू जोडीजोडीने एकत्र येऊन रंगहीन रेणू बनतात. झिंक ऑक्साइडच्या आणि याच्या रंगबदलात एक फरक लक्षात घ्या. एकीकडे पदार्थ तोच राहिला, दुसरीकडे नवा रेणू तयार झाला. रंग बदलला म्हणजे रासायनिक अभिक्रिया झालीच, असं शाळेतल्या उत्तरासारखं ठोकून देऊ नका. निवू द्या. रंग परत आला तरी वजन, वायू, द्राव्यता तपासल्याशिवाय निकाल देऊ नका.

काळाचा परिणाम हळू होतो म्हणून जास्त फसवतो. हिराकशीचे, म्हणजे फेरस सल्फेटचे, ताजे स्फटिक फिकट हिरवे. हवेत उघडे राहिले की त्यांवर पिवळसर तपकिरी थर चढतो, कारण फेरस लोहाचं फेरिक होतं. सिल्व्हर क्लोराइड पांढरं खाली बसतं आणि उजेडात जांभळट करडं पडतं. फिनॉल साठवणीत गुलाबी होतं, ॲनिलिन पिवळं आणि मग तपकिरी. म्हणून अवक्षेपाचा रंग तो पडताक्षणी लिहा, वेळेसह. जेवणाच्या सुट्टीनंतर लिहिलेला रंग हा त्या सुट्टीचा असतो.

या सहा पायऱ्यांनंतर नोंद कशी दिसते? नवखा लिहितो: ‘कॉपर सल्फेट: निळं.’ त्याऐवजी असं लिहा: ‘कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. स्फटिक गडद निळे, पारदर्शक, काचेसारखी चमक. खलात घोटल्यावर पूड फिकट निळी. २५ अंश सेल्सिअस, खिडकीचा उजेड, पांढरी पार्श्वभूमी. पाण्यात ५ टक्के द्रावण: पारदर्शक, निळं (१ सेंटिमीटर थर). बाटली आजच उघडली.’ चार ओळी झाल्या खऱ्या, पण सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणालाही त्या वाचून तोच पदार्थ डोळ्यांसमोर आणता येतो.

हा रंग येतो कुठून

पायऱ्या बाजूला ठेवून थोडं इथे रेंगाळतो, कारण हे कळलं की वरच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

दिसतो तो उरलेला रंग. परमँगनेट ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतं, निळा आणि लाल उरतात, त्यांचं मिश्रण जांभळं. मोरचूद तांबड्या टोकाचा प्रकाश गिळतं, निळा उरतो. निळा गिळणारे पदार्थ पिवळे-नारिंगी दिसतात. बीटा-कॅरोटीन त्यांपैकी एक, त्याच्या रेणूत एकाआड एक असे अकरा दुहेरी बंध ओळीने असतात. अशी ओळ जितकी लांब, तितका कमी ऊर्जेचा प्रकाश पुरतो आणि रंग लालाकडे सरकतो. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला क्विनीन बनवताना अपघाताने जो जांभळा रंग, मॉव्हीन, मिळाला, त्यामागेही अशीच लांबलचक इलेक्ट्रॉनव्यवस्था आहे.

तांबं, निकेल, क्रोमियम, कोबाल्ट या धातूंच्या आयनांत काही इलेक्ट्रॉन-पातळ्यांमधली फट नेमकी दृश्य प्रकाशाच्या ऊर्जेएवढी असते. ही फट शेजाऱ्यांवर ठरते. माणिक लाल आणि पाचू हिरवा; दोन्हींत रंग देणारा आयन क्रोमियमचाच, फक्त भोवतालची जाळी वेगळी. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातला की तो गडद निळा होतो, तेही शेजारी बदलल्यामुळे. जस्ताच्या आयनात त्या सगळ्या पातळ्या भरलेल्या असतात, उडी मारायला जागाच नाही. म्हणून जस्ताचे साधे क्षार रंगहीन. मँगनीजची तर कमाल आहे. परमँगनेट इतकं गडद, आणि त्याच मँगनीजच्या सल्फेटचे स्फटिक जेमतेम फिकट गुलाबी. परमँगनेटमध्ये इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून धातूकडे झेपावतो, त्या उडीला मोकळी वाट आहे. सल्फेटमध्ये उडीची मनाई आहे, क्वचितच एखादा इलेक्ट्रॉन ती मोडतो.

घन सल्फाइडांत सगळा स्फटिक मिळून ही फट ठरवतो. झिंक सल्फाइडची फट मोठी, दृश्य प्रकाश ती ओलांडू शकत नाही, म्हणून पांढरं. कॅडमियम सल्फाइडची मधली, सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, जांभळा-निळा गिळला जातो, म्हणून पिवळं. लेड सल्फाइडची लहान, सगळाच प्रकाश गिळला जातो, म्हणून काळं. आणि शुद्ध पाणी? मोठ्या जाडीत ते किंचित निळं असतं, रेणूंच्या कंपनांमुळे लाल प्रकाश थोडासा गिळला जातो म्हणून. जड पाण्यात (साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असलेल्या) ती कंपनं संथ असल्यामुळे शोषण दृश्य पट्ट्याबाहेर जातं.

रसायनशास्त्रज्ञांवर रंगांची मोहिनी किती होती, ते मूलद्रव्यांच्या नावांतच दिसतं. क्लोरीन म्हणजे फिकट हिरवा, आयोडीन म्हणजे जांभळट, क्रोमियम म्हणजे तर सरळ रंगच. इरिडियमचं नाव इंद्रधनुष्यावरून.

रंगावरून काय ठरवावं, काय ठरवू नये

रंग ओळख पटवण्यात कच्चा, पण ओळख नाकारण्यात पक्का. निळा पदार्थ मोरचूद असेलच असं नाही, निळे पदार्थ शेकडो आहेत. पण ‘कॅडमियम सल्फाइड’ म्हणून मिळालेला अवक्षेप काळाकुट्ट असेल, तर त्यात दुसरं काहीतरी नक्की आहे. शक्यतांची यादी छाटायला रंग वापरा, शेवटचा शिक्का मारायला वितळणबिंदू आणि इतर चाचण्या आहेत.

ज्योतीचा रंग पदार्थाच्या रंगात मिसळू नका. मीठ पांढरं, त्याची ज्योत पिवळी. तो ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश तापलेले सोडियमचे अणू बाहेर टाकतात. तिथे गिळणं नाही, देणं आहे. म्हणून वहीत त्याचा रकाना वेगळा.

सुरक्षिततेचा अंदाज तर रंगावरून कधीच बांधू नका. भडक रंगांना आपण आपोआप बिचकतो. डायक्रोमेटच्या बाबतीत ते योग्यही आहे, तो कर्करोगकारक आहे. पण मर्क्युरिक क्लोराइड, आर्सेनिक ट्रायऑक्साइड, थॅलियम सल्फेट ही जहाल विषं दिसायला साधी पांढरी आहेत.

डोळ्यांचं काम जिथे संपतं तिथे यंत्र घ्या. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश गिळला गेला ते आकड्यांत देतो. रंगाच्या नावावरून होणारे वाद तिथे मिटतात. जवळजवळ रंगहीन द्रवांची पिवळसर झाक मोजायला ॲलन हेझनने १८९२ मध्ये सुचवलेली प्लॅटिनम-कोबाल्ट मोजपट्टी आजही चालते. तिच्या ५०० एककांच्या मूळ द्रावणात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम प्लॅटिनम असतं. ते पातळ करत गेलं की खालच्या पायऱ्या मिळतात. द्रावकाच्या बाटलीवर ‘रंग: कमाल १० हेझन’ असं छापलेलं दिसलं, तर अर्थ एवढाच, की पिवळेपणा त्या पायरीच्या पुढे नाही.

बाटलीतला रंग कागदावरच्या रंगाशी जुळला नाही तर

पदार्थाच्या सुरक्षा माहितीपत्रकात नवव्या विभागात भौतिक गुणधर्म असतात, रंगही तिथेच. बाटली उघडण्याआधी ती ओळ वाचा आणि काचेतून बघा. बाटली तपकिरी काचेची असेल तर तिच्यातून रंग ठरवू नका. थोडासा नमुना पांढऱ्या बशीत काढा.

फरक दिसला की आधी निरुपद्रवी कारणं तपासा: उजेड, कणांचा आकार, ओल, तापमान. मग जुनेपणा. संहत नायट्रिक आम्ल शुद्ध असताना रंगहीन असतं. उजेडाने त्याचं विघटन होऊन नायट्रोजन डायऑक्साइड त्यातच विरघळतो आणि ते पिवळं पडतं, म्हणून तर त्याला तपकिरी बाटली. औद्योगिक हायड्रोक्लोरिक आम्लाचा पिवळेपणा बहुतेकदा लोहाच्या अंशामुळे असतो. अशी बाटली काही कामांना चालते, काहींना नाही. पण लोह मोजायला बसला असाल तर तिला हात लावू नका. आणि कारण सापडलंच नाही, तर ती वापरूही नका, मोरीत ओतूही नका. झाकण लावा, चिठ्ठीवर तारीख आणि दिसलेला रंग लिहा, बाटलीला चिकटवा आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाला दाखवा.